वाळूवरचा पाया

समुद्रकिनाऱ्यावर मुलांनी रचलेला वाळूचा किल्ला भरतीच्या पहिल्या लाटेसरशी नाहीसा होतो. मुठीत घट्ट धरलेली वाळू बोटांच्या फटींतून गळून जाते. यामुळे वाळूची फार अपकीर्ती झाली आहे. जे टिकावयाचे नाही, ज्यावर भरवसा ठेवता येत नाही, त्याला ‘वाळूवरचे घर’ म्हणण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु ज्यांचा व्यवसायच इमारती उभारण्याचा, त्या स्थापत्यविशारदांना विचारले, तर ते वाळूला इतकी नावे ठेवणार नाहीत.

नेदरलँड्स देशातील ॲमस्टरडॅम शहराचेच उदाहरण घ्या. हे शहर मऊ, पाणथळ मातीवर वसले आहे. तेथे १६४८ साली एका भव्य नगरभवनाच्या बांधकामास आरंभ झाला. पुढे तीच इमारत राजवाडा म्हणून वापरात आली. तिच्या पायाखाली १३,६५९ लाकडी खांब ठोकले आहेत, असे सांगतात. ही संख्या ध्यानात ठेवण्याची एक युक्ती तेथील मुलांना ठाऊक असते. वर्षाचे दिवस ३६५. त्यांच्या आधी १ लिहावा आणि शेवटी ९ लिहावा, की झाले! आता एवढे खांब कशासाठी ठोकले असतील? वरच्या मऊ मातीचा थर ओलांडून खाली जो थर लागतो, त्याच्यावर इमारतीचा भार टेकावा म्हणून. आणि तो खालचा थर आहे वाळूचा. ज्या वाळूला आपण बेभरवशाची म्हणतो, तिच्याच आधारावर ती प्रचंड इमारत साडेतीनशेहून अधिक वर्षे उभी आहे.

मग वाळू विश्वासू म्हणावी की अविश्वासू? खरे पाहता वाळू मोकळी सुटली की निसटते आणि चहूकडून कोंडली गेली की ओझे वाहते. वाळूने भरलेले पोते जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहून पाहावे. ते थोडेसे दबते आणि मग निमूटपणे आपला भार सहन करते. जमिनीच्या पोटातील वाळूही अशीच भोवतालच्या वाळूने कोंडलेली असते. तेव्हा वाळू घर पेलील की नाही, हा प्रश्न बहुधा कठीण नसतो. ती पेलताना किती दबेल, म्हणजेच पाया किती बसेल, हे आधी सांगणे मात्र कठीण असते.

पाया बसतो हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. मातीवर उभी असलेली प्रत्येक इमारत थोडीफार बसतेच. सगळी इमारत एकसारखी दोन बोटे खाली गेली, तर आत राहणाऱ्यांच्या ते ध्यानातही येणार नाही. फार तर दारातली पायरी किंचित ठेंगणी वाटेल. परंतु एक खांब जास्त बसला आणि शेजारचा कमी बसला, तर मधली भिंत ताणली जाते. विटांना दाब सोसतो, ताण सोसत नाही. मग भिंतीवर तिरपे तडे जातात, दारे चौकटीत अडकू लागतात, खिडक्यांच्या काचा तडकतात, नळ सांध्यातून निखळतात. इंग्लंडमधील स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या दोन अभियंत्यांनी १९५६ साली ९८ इमारतींच्या नोंदी तपासून पाहिल्या. दोन खांबांच्या बसण्यातील फरक त्यांच्यामधील अंतराच्या तीनशेव्या भागाइतका झाला, की भिंतींना तडे जाण्याचा संभव असतो, असे त्यांना आढळले. दोन खांबांत ६ मीटरांचे अंतर असेल, तर हा तीनशेवा भाग किती होईल? अवघा २० मिलिमीटर. म्हणजे अंगठ्याच्या जाडीएवढा. एखाद्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून बांधलेले घर नांदते राहील की भेगाळेल, हे इतक्या लहानशा मापावर अवलंबून असते. वाळूवरच्या पायांसाठी पुष्कळ अभियंते एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, ही मर्यादा धरीत आले आहेत. सर्वांत जास्त बसणारा खांबच जर इंचभर बसला, तर दोन खांबांतील फरक सहसा पाऊण इंचाच्या पुढे जाणार नाही, असा त्यामागील विचार आहे.

वाळू दबते म्हणजे काय होते? तिचे कण दगडाचेच. ते चिरडले जाऊन बारीक होतात असे क्वचितच घडते. दबते ती कणांमधील पोकळी. धान्याच्या बाजारात मापाड्याला माप भरताना पाहिले असेल, तर ही गोष्ट सहज उमजेल. सैल हाताने ओतलेले माप काठोकाठ भरलेले दिसते; तेच माप दोनचार वेळा जमिनीवर आपटले, की दाणे खाली बसतात आणि वर आणखी मूठभर धान्य मावते. दाणे तेच, माप तेच. फक्त त्यांची रचना बदलली. सारख्या आकाराच्या गोट्या एकीवर एक बरोबर नेमाने ठेवल्या, तर निम्म्याच्या जवळपास जागा रिकामी राहते. त्याच गोट्या एकमेकींच्या खोबणीत बसवल्या, तर रिकामी जागा पावभागाहून थोडीच अधिक उरते. वाळूचे कण गोट्यांसारखे गोल आणि सारखे नसतात. तथापि तिच्यातही सैल रचना आणि घट्ट रचना असा भेद असतोच. सैल वाळूवर इमारत उभी राहिली, की कण सरकून एकमेकांच्या खोबणीत जाऊ लागतात आणि पाया बसतो. घट्ट वाळूत सरकण्यास जागाच थोडी.

येथे चिकणमातीशी तुलना करणे उपयोगाचे होईल. चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात आणि त्यांच्या फटींत पाणी अडकून बसलेले असते. भार पडला, की ते पाणी हळूहळू, थेंबाथेंबाने बाहेर पडते. म्हणून चिकणमातीवरची इमारत वर्षानुवर्षे बसतच राहते. पिसाच्या कलत्या मनोऱ्याचे चित्र सर्वांनी पाहिले असेल. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले आणि पुरे होण्याच्या आधीच तो कलला. त्याचा दोष मुख्यतः खोलवरच्या मऊ चिकणमातीकडे जातो. हे पाणी पिळून निघण्याचे गणित कार्ल टेर्झागी यांनी उलगडले. त्यांचा जन्म १८८३ साली प्राग शहरी झाला. इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना त्यांनी हाताशी मिळेल त्या साहित्यातून उपकरणे बनवून मातीवर प्रयोग केले आणि १९२५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मातीच्या वागणुकीचे शास्त्र तेव्हापासून खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे मानतात. वाळूचा प्रकार चिकणमातीच्या उलट. तिच्या फटी मोठ्या असल्यामुळे पाणी झटकन निघून जाते. म्हणून वाळूला जे बसावयाचे, त्यातील बहुतेक ती भार चढत असतानाच बसून घेते.

हे ऐकून वाटेल, की वाळूचा हिशेब चिकणमातीहून सोपा असावा. तसा तो नाही. चिकणमातीचा गोळा नळीत भरून, जसाच्या तसा प्रयोगशाळेत नेता येतो आणि तेथे निवांतपणे दाबून पाहता येतो. वाळूचा तसा गोळा निघतच नाही. नळी वर ओढली, की वाळू खालून गळून जाते. जी थोडी हाती लागते, तीही हादरे बसून हललेली असते. तिचे कण मिळाले. परंतु त्यांची जमिनीखालची रचना होती ती मोडली. आणि जाणून घ्यावयाची होती ती रचनाच! विणलेल्या कापडाची परीक्षा करावयाची आणि हाती यावा नुसता सुताचा गुंता, तसेच हे.

केवळ पाहण्याने ही रचना कळत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपलीकडे कोरड्या वाळूत चालताना घोट्यापर्यंत पाय रुततो. तेथून थोडे खाली, जेथे नुकतीच लाट येऊन गेली आहे, तेथे वाळू इतकी टणक असते, की तिच्यावरून सायकल सहज धावते. दोन्हीकडे वाळू जवळजवळ एकाच जातीची. एके ठिकाणी वाऱ्याने ती सैल पसरली आहे. दुसऱ्या ठिकाणी लाटांनी चोपून बसवली आहे आणि ओलाव्याने कण एकमेकांना धरून ठेवले आहेत. किनाऱ्यावर निदान पाऊल टाकून तरी हा भेद कळतो. जमिनीखाली पाच मीटरांवर कोणती वाळू आहे, हे पावलाला कसे कळावे?

वाळूला तिच्या जागीच जाऊन विचारावे, असा उपाय अभियंत्यांनी काढला. त्याची सर्वांत प्रचलित रीत फार साधी आहे. जमिनीला अरुंद भोक पाडतात आणि त्यात पाच सेंटीमीटर व्यासाची जाड पोलादी नळी दांड्याच्या टोकाला लावून सोडतात. दांड्याच्या माथ्यावर ६३.५ किलोग्रॅमचे वजन ७५ सेंटीमीटर उंचीवरून पुनःपुन्हा सोडतात. नळी प्रथम १५ सेंटीमीटर आत जाऊ देतात. कारण भोकाच्या तळाची वाळू ढवळलेली असते, तिची साक्ष घेऊन उपयोग नाही. पुढील ३० सेंटीमीटर नळी जाण्यास किती ठोके लागले, ते मोजतात. एवढीच कसोटी! दीड-दीड मीटर खोल जाऊन ती पुन्हा घेतात. ठोके चाराहूनही कमी लागले, तर वाळू अतिशय सैल समजावी. दहापर्यंत सैल, दहा ते तीस मध्यम, तीस ते पन्नास घट्ट, आणि पन्नासाच्या वर गेले तर अत्यंत घट्ट. टेर्झागी आणि त्यांचे सहकारी पेक यांनी १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे हे मोजमाप जगभर पसरले. भारतातही मोठ्या इमारतीची जागा पाहताना अशी भोके पाडतात.

कसोटी साधी असली, तरी ती घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर पुष्कळ अवलंबून असते. वजन पूर्ण उंचीवरून, अडथळ्यावाचून पडले पाहिजे. दोर धरणाऱ्याने तो मोकळा सोडला नाही, तर वजन रखडत पडते. ठोका हलका बसतो. मग तेवढेच अंतर जाण्यास अधिक ठोके लागतात आणि सैल वाळू कागदावर घट्ट ठरते. ही चूक घातक बाजूची आहे. याच्या उलट, भोकातील पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीहून खाली गेली, तर बाहेरचे पाणी तळातून उसळते, वाळू सैल करते आणि चांगली जमीनही वाईट ठरते. नेदरलँड्समध्ये १९३० च्या दशकात निघालेली दुसरी रीत या बाबतीत अधिक नेमकी आहे. तिच्यात ठोके नसतात. टोकदार शंकू संथ, एकसारख्या गतीने जमिनीत दाबतात आणि त्याला किती विरोध होतो, ते सतत नोंदवीत जातात. त्यामुळे मधला एखादा पातळ मऊ थरही नजरेतून सुटत नाही.

तिसरी रीत अधिक सरळ आहे. इमारतीचा पाया पुढे यावयाचा, त्याआधी त्याची लहान प्रतिकृती करून पाहावी. जेथे पाया येणार, तेथे खड्डा खणून एक फूट लांबीरुंदीचा जाड, चौरस पोलादी पाट ठेवतात आणि त्यावर हळूहळू भार वाढवीत तो किती बसतो, ते मोजतात. समजा, एका खांबावर ४० टन भार येणार आहे आणि त्याचा चौथरा दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद आहे. म्हणजे चार चौरस मीटरांवर ४० टन. दर चौरस मीटरला १० टन. पाटावरही दर चौरस मीटरला १० टन याच प्रमाणात भार ठेवला आणि तो ४ मिलिमीटर बसला, तर चौथराही ४ मिलिमीटरच बसेल काय?

नाही. चौथरा जास्त बसेल. भाराचा परिणाम जमिनीत सुमारे पायाच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत पोहोचतो. एक फुटाचा पाट दोन फूट वाळू दाबतो. सहा फुटांचा चौथरा बारा फूट वाळू दाबतो. अधिक जाड थर दाबला गेला, तर एकूण बसणे अधिक होणारच. तथापि ते रुंदीच्या प्रमाणात सहापट होत नाही. कारण खोलवरची वाळू वरच्या वाळूच्या वजनाने आधीच आवळली गेलेली असते आणि म्हणून अधिक ताठ असते. टेर्झागी आणि पेक यांनी यासाठी एक सुटसुटीत नियम दिला आहे. चौथऱ्याची रुंदी फुटांत घ्यावी. रुंदीची दुप्पट करावी. तिला रुंदीत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. आणि भागाकाराचा वर्ग करावा. पाटाच्या बसण्याला या वर्गाने गुणले, की चौथऱ्याचे बसणे मिळते. रुंदी चार फूट असेल, तर आठाला पाचाने भागून १.६ येतात, त्याचा वर्ग २.५६. पाट ४ मिलिमीटर बसला असेल, तर चौथरा सुमारे १० मिलिमीटर बसेल. रुंदी नऊ फूट घेतली, तर वर्ग ३.२४ येतो. शंभर फूट घेऊन पाहावे. वर्ग चाराच्या जवळ जातो, परंतु चार काही होत नाही.

या रीतीत एक फसगत लपलेली आहे. एक फुटाचा पाट दोन फुटांखालच्या वाळूला काही विचारतच नाही. वर दोन फूट उत्तम वाळू आणि खाली सैल वाळू किंवा मऊ माती असेल, तर पाट खुशाल ‘जमीन चांगली’ असा निर्वाळा देईल आणि पुढे चौथरा खाली जाईल. म्हणून नुसत्या पाटावर विसंबू नये; खोल भोके पाडून ठोके मोजलेच पाहिजेत.

वाळू नेमकी कोठे सर्वांत जास्त दबते? बहुतेकांना वाटेल, की अगदी पायाच्या बुडाशी, जेथे भार सर्वांत अधिक असतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठातील श्मर्टमन यांनी १९७० साली दाखवून दिले, की तसे नाही. पायाच्या बुडाशी चिकटून असलेली वाळू खडबडीत काँक्रीटने धरून ठेवलेली असते. ती बाजूला सरकू शकत नाही. सर्वांत अधिक दबणे होते ते पायाच्या रुंदीच्या निम्म्या खोलीवर. तेथून खाली ते कमी कमी होत जाते आणि रुंदीच्या दुप्पट खोलीवर जवळजवळ संपते. दोन मीटर रुंदीच्या चौथऱ्याखाली एक मीटरवर अधिकात अधिक आणि चार मीटरांवर शून्य. हे कळल्यावर हिशेब सुसूत्र झाला. या चार मीटरांचे लहान लहान थर कल्पावयाचे. शंकूच्या नोंदीवरून प्रत्येक थर किती ताठ आहे ते ठरवावयाचे. प्रत्येकाचे दबणे काढावयाचे. आणि किराणा दुकानाच्या यादीप्रमाणे शेवटी सगळ्यांची बेरीज करावयाची.

या बेरजेत पाण्याला विसरून चालत नाही. विहिरीत बुडवलेली कळशी जशी हलकी लागते, तशी पाण्याखालची वाळूही हलकी होते. तिचे कण एकमेकांवर कमी रेटतात आणि ती अधिक सहज दबते. उन्हाळ्यात पाहिलेल्या जागी पावसाळ्यात पाणी किती वर येते, हे म्हणूनच गावातील माहितगारांना विचारून घ्यावे लागते.

पाणी आणि सैल वाळू यांच्या जोडीला भूकंप आला, तर मात्र सारे हिशेब कोसळतात. १६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता शहरी मोठा भूकंप झाला. शिनानो नदीने आणून टाकलेल्या सैल, पाण्याने भरलेल्या वाळूवर तेथील कावागिशी-चो या भागात चारमजली निवासी इमारती उभ्या होत्या. जमीन हादरताच वाळूचे कण जवळ येऊ पाहू लागले. परंतु फटींतील पाण्याला इतक्या थोड्या वेळात बाहेर पडता येईना. कण पाण्यावर तरंगल्यासारखे झाले आणि घट्ट जमिनीचा क्षणात जणू चिखलाचा रस्सा बनला. इमारती मोडल्या नाहीत. त्या सबंधच्या सबंध कलंडल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. भिंती धड होत्या, खिडक्या जागच्या जागी होत्या. खालची वाळू तेवढी दगा देऊन गेली होती. तेव्हापासून भूकंपाच्या प्रदेशात सैल ओली वाळू आढळली, तर तिच्यावर पाया घालण्याआधी यंत्राने हादरे देऊन ती घट्ट बसवतात, किंवा पायाचे खांब खालच्या चांगल्या थरापर्यंत नेतात. गावाकडे घराच्या जोत्यातील भराव धुम्मसाने चोपतात. यंत्राचे कामही मुळात तेच, फक्त ते कित्येक मीटर खोलवर चालते.

एवढ्या कसोट्या आणि एवढे नियम हाती आल्यावर अंदाज बिनचूक येत असतील का? याची उघड परीक्षाच एकदा झाली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या आवारात वाळूची एक जागा आहे. तेथे काँक्रीटचे पाच चौरस चौथरे बांधले. लहानात लहान एक मीटर रुंदीचा होता. मोठे दोन, प्रत्येकी तीन मीटर रुंदीचे. त्या जागेतील ठोक्यांच्या, शंकूच्या आणि इतर कसोट्यांच्या सगळ्या नोंदी देशोदेशीच्या तज्ज्ञांना पाठवण्यात आल्या आणि विचारण्यात आले, की प्रत्येक चौथरा २५ मिलिमीटर बसण्यास किती भार लागेल आणि १५० मिलिमीटर बसण्यास किती? एकतीस जणांची उत्तरे आली. त्यांत निम्मे प्राध्यापक होते आणि निम्मे प्रत्यक्ष व्यवसाय करणारे अभियंते. मग बलाढ्य जॅक लावून चौथरे खरोखरच दाबले. १९९४ साली निकाल सर्वांसमोर मांडला गेला. ज्याची सगळी उत्तरे खऱ्या आकड्याच्या २० टक्के मागेपुढे राहिली, असा एकही तज्ज्ञ निघाला नाही! बहुतेकांची चूक सुरक्षित बाजूची होती, म्हणजे वाळू त्यांच्या अंदाजाहून बळकट ठरली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

त्या निकालातील आकडे शांतपणे पाहण्यासारखे आहेत. एक मीटरचा चौथरा २५ मिलिमीटर बसण्यास सुमारे ८७ टन भार लागला. तीन मीटरच्या चौथऱ्याचे क्षेत्रफळ त्याच्या नऊपट. तेव्हा भारही नऊपट लागावा असे वाटेल. प्रत्यक्षात पाच-सहापटच लागला. रुंद चौथरा तेवढ्याच दाबाखाली अधिक बसतो, हे पाटाच्या नियमात पाहिलेच आहे. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. तीन मीटरचे दोन्ही चौथरे जुळ्या भावंडांसारखे होते. आकार तोच, जागा तीच, मध्ये थोडेसेच अंतर. तरीही २५ मिलिमीटर बसण्यास एकाला सुमारे ५३० टन लागले आणि दुसऱ्याला सुमारे ४६०. सत्तर टनांचा हा फरक कोणाच्या गणिताचा नव्हता. तो वाळूचाच होता. नदीने कधी काळी एक हात इकडे जाड वाळू टाकली असेल, एक हात तिकडे बारीक. तीस-चाळीस पावलांवर पाडलेल्या दोन भोकांवरून त्यांच्यामधील सगळी जमीन ओळखणे, हे कितीही हुशार माणसाला पुरते साधणार नाही.

म्हणून जाणता अभियंता अंदाज सांगताना एकच आकडा सांगत नाही. ‘पाया १० ते २० मिलिमीटर बसेल’, असे तो म्हणतो आणि इमारत अशी आखतो, की २० बसला तरी तिला इजा होऊ नये. एवढ्यावर तो थांबतही नाही. बांधकाम सुरू झाले, की प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक पितळी खूण बसवतात आणि दूरच्या, न हलणाऱ्या खुणेशी तिची पातळी दुर्बिणीतून ताडून पाहतात. एक मजला चढला, की नोंद. दुसरा चढला, की पुन्हा नोंद. सगळे खांब सारखे बसत असले, तर काम पुढे चालते. एखादा एकटाच पुढे जाऊ लागला, तर काम थांबवून त्याच्या पायाखालची वाळू पुन्हा तपासतात. कारण अर्धवट उभ्या इमारतीत पाया सुधारणे शक्य असते, माणसे राहावयास आल्यावर ते फार जड जाते. वाळूवरच्या इमारतीचे बहुतेक बसणे छप्पर चढेपर्यंत उरकलेले असते; त्यामुळे भिंतींना गिलावा करण्याचे काम होता होईल तो शेवटी ठेवतात.